आठ पोरं आणि एक मोबाईल

नाशिकमध्ये पावसाची झड लागली की चौथी-पाचवीतली पोरं घरातच जमतात. मग एक जण मोबाईलवर गेम खेळतो, बाकीचे नुसते बघे.

घरातला खेळ निवडताना मी एकच गोष्ट बघतो: हरलेलं पोरगं बाहेर बसतं का? संगीत खुर्चीत जे पहिलं आऊट होतं, ते शेवटपर्यंत भिंतीला टेकून बसतं.

म्हणून चौघं असतील तर राजा-मंत्री-चोर-शिपाई. चार चिठ्ठ्या टाकायच्या. राजा आणि मंत्री उघड होतात, उरलेल्या दोघांतला चोर मंत्र्याने ओळखायचा. म्हणजे चान्स फिफ्टी-फिफ्टी! इथे कच्चं लिंबू कुणीच नाही.

जास्त पोरं असतील तर दोन टीम करून गावांच्या भेंड्या. नाशिक, कळवण, ‘ण’चा ‘न’ धरून निफाड, मग डहाणू... अडलं तर अख्खी टीम डोकं खाजवते, एकटं कुणी पडत नाही. शिवाय भूगोल फुकटात.

पत्ते असतील तर बदाम सात. कुणाचा तरी हात रिकामा होईपर्यंत सगळे खेळात.

या रविवारी ट्राय करा. आणि मोबाईल? राहू दे की, गुण मांडायला!