बिनइंजिनाची गाडी : दिंडीची ट्रॉली सांभाळताना

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती कमी केली आहे, बोली तशीच ठेवली आहे.)

मागं जो ठोक-ठोक आवाज येतोय त्याकडं दुर्लक्ष करा. मी मानवतला, आमच्या घराशेजारच्या पत्र्याखाली बसलोय. समोर ट्रॉली जॅकवर उभी आहे, डावं चाक काढलेलं आहे आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे आहेत. बापू हबची टोपी ठोकून सरळ करतायत. म्हटलं, एवीतेवी थांबलोच आहोत तर रेकॉर्डिंग करून घेऊ.

झालं असं, की तुमच्यातल्याच एकानं मला एक रील पाठवलं. परदेशातलं जोडपं, गाडीच्या मागं ओढायचं पांढरंशुभ्र घर, आत पलंग, ओटा, शॉवर. खाली प्रश्न, "दादा, असं काही आपल्याकडं कधी येणार?" आता सरकारी उत्तर द्यायचं तर आपल्या राज्यानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय, त्यात ओढून न्यायच्या कॅराव्हॅनही धरल्यात. पण मला हसू आलं ते दुसऱ्याच कारणानं. अरे, आपल्याकडं हे कधीचं आहे! दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-परभणीकडून ऊसतोडीला निघालेली ट्रॉली बघितलीय ना? पत्र्याच्या पेट्या, चूल, सरपण, अंथरुणं, कडेला बांधलेली शेळी आणि सगळ्यात वर लेकरं. अख्खा संसार एका पिनवर ओढत चाललेला असतो. त्यांना कुणी कॅराव्हॅन म्हणत नाही आणि त्यांची ती हौसही नसते, एवढाच फरक.

आणि दुसरं फिरतं घर म्हणजे आषाढी वारीतली दिंडीची ट्रॉली. मी आज तिच्याबद्दल बोलणार आहे, कारण ती माझ्या गळ्यात आहे.

आमची ट्रॉली दोन चाकांची. सोयाबीन निघालं की सोयाबीन, मग कापूस, मग कुणाची वाळू-विटा, आणि ज्येष्ठात तिच्यावर कमानी चढवून ताडपत्री टाकली की ती दिंडीची. मानवतहून पाथरी, पुढं ढालेगावचा गोदावरीवरचा पूल, माजलगाव, मग कळंब, बार्शी करत पंढरपूर. साधारण अडीचशे किलोमीटर. माणसं पायी चालतात, ट्रॉली पुढं जाऊन मुक्कामाला थांबते. ऐंशी माणसांचं सामान, भांडी, शिधा, पाण्याची टाकी, तंबू, सगळं तिच्यात. रात्री काहीजण तिच्यात झोपतात, काहीजण तिच्याखाली.

बापूंनी ती माझ्या ताब्यात दिली तेव्हा मी काय केलं असेल? बरोबर ओळखलंत. आधी रंग. मग मागच्या फाळक्यावर विठ्ठलाचं चित्र, आत एलईडीच्या माळा, ब्लूटूथ स्पीकर, मोबाईल चार्जिंगचा बोर्ड. गावात सगळ्यांनी वाहवा केली. खाली वाकून मात्र मी एकदाही बघितलं नव्हतं.

ट्रॅक्टरचं तसं नसतं हो. तास भरले की आपण ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो, मीटर आपल्याला काटा दाखवतो. ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून सर्व्हिसिंग नाही. मीटर नाही, दिवा नाही, आवाज आला तरी तो ट्रॅक्टरच्या आवाजात बुडून जातो. शिवाय ती तुमच्या पाठीमागं. बैलगाडीच्या काळात आजोबा दर खेपेला तुंब्यात वंगण घालायचे, गाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलंच असायचं. ट्रॉली आली, बेअरिंगं आली आणि ती सवय गेली.

एकदाच मी "देखभाल" केली होती. निघायच्या आदल्या दिवशी चाक थोडं हलतंय असं वाटलं, म्हणून हबचा नट दणकून आवळला. घट्ट म्हणजे चांगलं, असं माझं डोकं. ग्रीस? बघितलंच नाही.

कळंबच्या अलीकडं, दुपार कलली होती. मी सीटवर, कानात इअरफोन. हो, माझीच चूक, आधीच सांगून टाकतो. ट्रॉलीत सामानावर दोन म्हाताऱ्या बसलेल्या. दोघींचे पाय सुजले होते, म्हणून मीच म्हटलं होतं, "मावशी, बसा वर." रस्त्याच्या कडेनं दुसरी एक दिंडी चालली होती, तिच्यातली एक बाई पळत पुढं आली, तिनं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर काठी मारली. "आरं लेकरा, चाक पेटलंय तुजं!" खाली उतरलो. डाव्या हबमधून निळसर धूर, जळक्या ग्रीसचा वास. चाक हातानं फिरेना. खोललं तेव्हा बेअरिंग निळं पडलेलं होतं आणि आसाच्या टोकाला ओरखडे. बघणाऱ्या मेकॅनिकनं एवढंच विचारलं, "अजून दोन-चार किलोमीटर गेला असतास तर चाक कुठं गेलं असतं, ठाऊक आहे का?"

त्या रात्री ट्रॉली तिथंच. पुढं मुक्कामाला ऐंशी माणसं, ना भांडं, ना पीठ, ना अंथरूण, आणि पाऊस. त्या गावानं घराघरातून भाकरी आणि पिठलं गोळा करून जेवू घातलं. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तर आता ते बेअरिंगचं काम आम्ही वर्षातून दोनदा करतो, कापूस संपल्यावर आणि वारीच्या आधी. नीट ऐका, कारण हे कुणी शिकवत नाही. ट्रॉली सपाट जागी, ट्रॅक्टरला जोडलेली, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्या चाकाला पुढून आणि मागून दगड. नुसत्या जॅकवर भरवसा नाही, चासीखाली लाकडी ठोकळे. चाक वरून-खालून धरून हलवायचं, खडखडलं तर बेअरिंग ढिलं. हातानं फिरवायचं, घरघर आली तर आत वाळू किंवा खड्डे पडलेत. मग टोपी, स्प्लिट पिन, नट, सगळं क्रमानं काढून कापडावर मांडायचं. बेअरिंग डिझेलनं धुवायचं, पूर्ण वाळवायचं. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, दुसऱ्या बाजूनं शेवयांसारखं ग्रीस बाहेर येईपर्यंत. नुसतं वरून फासलेलं ग्रीस कामाचं नाही. जुन्या ग्रीसवर दुसऱ्या जातीचं ग्रीस चढवू नका, काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात.

आणि नट. चाक फिरवत फिरवत आवळायचा, बेअरिंग बसलं की थोडा मागं घ्यायचा, पिनचं भोक जुळेल तिथं थांबायचं. या बेअरिंगला किंचित मोकळीक लागते. तापल्यावर लोखंड फुगतं, त्याला जागा नको का? पिन नेहमी नवी. दहा-वीस रुपयांच्या पिनमध्ये काटकसर करू नका.

हबच्या मागं रबराचा ऑइल सील असतो. आपल्या काळ्या मातीत तो फार लवकर जातो. चिखल वाळला की कडा कापतो. अजून एक, चाक तापलेलं असताना ओढ्यात घातलं की हब एकदम थंड होतो आणि आत पाणी ओढून घेतो. पाण्यातून जायचं असेल तर आधी पाच-दहा मिनिटं थांबा.

प्रवासात रोजचं काम एकच. पंधरा-वीस किलोमीटर झाले की उतरायचं आणि दोन्ही हबजवळ उलटा हात न्यायचा. दोन्ही सारखे कोमट, ठीक. एकच तापलाय, तर तिथंच थांबायचं, "पुढच्या गावात बघू" नाही.

टायरचं थोडक्यात. आमचे ७.५०-१६ आहेत. तुम्ही नक्षी बघता, मी तारीख बघतो. टायरच्या बाजूवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉलीचे टायर झिजून कमी, उन्हात उभं राहून जास्त मरतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि ट्रॉली महिनाभर एकाच जागी, उन्हात, त्याच पोटावर उभी. गोणपाट टाका, नाहीतर ठोकळ्यांवर उचला.

आता तुमच्या आवडीचं, अपग्रेड. माळा मी काढल्या नाहीत, पण हिशोब केला. आधी सगळं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर होतं, आणि एका पहाटे ट्रॅक्टर सुरूच होईना. आता ट्रॉलीला वेगळी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासाची बॅटरी आहे. कागदावर ती १२०० वॅट-तास देते, पण साध्या बॅटरीतलं निम्मंच वापरायचं, म्हणजे ६००. पाच वॅटचे चार दिवे पाच तास, १०० गेले. वीस मोबाईल, प्रत्येकी पंधराच्या आसपास, ३०० गेले. उरले २००, त्यात स्पीकर. वर १०० वॅटचं सोलर पॅनल आहे, कडक उन्हात ते दिवसाला ४०० देतं, पण आषाढातल्या आभाळात निम्मंसुद्धा नाही. म्हणून हरिपाठाला स्पीकर, रात्री बारा वाजता रील्सला नाही. यावरून पोरं माझ्यावर रुसतात. रुसू द्या.

पाण्याची टाकी ५०० लिटरची, म्हणजे भरल्यावर ५०० किलोच्या वर. ती मी आधी मागं ठेवली होती, नळ सोयीचा पडतो म्हणून. दोन चाकांच्या ट्रॉलीत मागं वजन गेलं की पुढची दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रॉली शेपटी हलवायला लागते. फार पुढं घेतलं तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. आता टाकी आसाच्या किंचित पुढं, खाली, पट्ट्यानं आवळलेली. चालताना एकतर भरलेली किंवा रिकामी, अर्धी टाकी हिंदकळते. मुक्कामाला पुढच्या ठेप्याखाली जाड फळी टाकतो, नाहीतर रात्रीतून तो काळ्या रानात ढोपरभर रुततो आणि आत झोपलेले सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात. [हसतो] झालंय तसं.

आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. उतारावर ती ट्रॅक्टरला ढकलते. उतार लागायच्या आधी खालचा गिअर, क्लच दाबून सोडायची नाही. आणि ट्रॅक्टरचे ते दोन ब्रेक पेडल रस्त्यावर कडीनं एकमेकांना जोडलेले पाहिजेत. शेतात वळायला आपण वेगळे करतो आणि तसेच डांबरीवर येतो. एकाच चाकाला ब्रेक लागला की मागची ट्रॉली तुम्हाला फिरवून टाकते. पिनला लॉक आणि जोडीला साखळी, हे तर सांगायला नको.

मागचा लाईट आणि रिफ्लेक्टर. मागं लाल, पुढं पांढरा, बाजूला पिवळा. कापसाच्या दिवसात रात्री रस्त्याकडेला भरलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, काळोखात काळ्या. माझा वर्गमित्र मोटारसायकलवरून अशाच एकीला जाऊन धडकला. पायात रॉड आहे, पोलीस भरतीचा विषय संपला. चिकटपट्टी मला पाचशेच्या आत पडली. विठ्ठलाच्या चित्राला किती दिले ते सांगत नाही.

आता अवघड गोष्ट. त्या दोन म्हाताऱ्या. मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्यानं परवानगी नाही, आणि काही झालं तर विमा हात वर करतो. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे ट्रॉलीचाही आहे असं समजू नका, ट्रॉलीची नोंद वेगळी असते, विम्याच्या कागदावरही ती दिसायला पाहिजे. तसंच वेल्डिंग करून कायमची खोली उभी करू नका, नोंदणीत न बसणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आमच्या कमानी, फळ्या सगळं नट-बोल्टवर आहे, वारी संपली की उतरतं.

पुढच्या वर्षी मी बापूंना म्हटलं, यंदा ट्रॉलीत कुणी बसणार नाही. बापू भडकले. "वारीत म्हातारीला वर बसू नको म्हणायचं? असली कसली वारी रे?" दोन दिवस बोलले नाहीत. मला त्यांचं पटत होतं, तीच तर पंचाईत होती. शेवटी दिंडीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढली आणि प्रवासी परवान्याची एक जीप भाड्यानं लावली, दुखणाइतांसाठी. पहिल्या दिवशी त्यातली एक मावशी जीपमध्ये बसायलाच तयार नव्हती. म्हणाली, "ट्रॉलीत वारा लागत व्हता." दुसरी मात्र आत बसून थेट घोरायला लागली.

बरं, बापू खुणावतायत. नवा सील आणायला पोराला बाजारात पाठवलं होतं, तो आला वाटतं. अरे, हा नाही रे, हा मापाला लहान आहे... जा, जुना सोबत घेऊन जा. मंडळी, तेवढ्यात तुम्ही एक करा. तुमच्या ट्रॉलीच्या टायरवरचे ते चार आकडे वाचा आणि मला व्हॉट्सॲप करा. सगळ्यात जुना टायर कुणाचा निघतो ते पुढच्या भागात सांगतो. माझा बारा सालचा होता, त्यामुळं लाजू नका.