घर कशाने होतं?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा लेखी भाग)



आपल्यापैकी बरेचजण कोयना प्रकल्पाच्या नोकरीमुळे अलोऱ्यात आले. बदलीची ऑर्डर येईपर्यंत राहू म्हणाले आणि इथलेच झाले. पण आपण आलो ते स्वखुशीने, पगारावर. ज्या धरणाने नोकऱ्या दिल्या, त्याच्या शिवसागर जलाशयात कित्येकांची गावं बुडाली. त्यांना निवड नव्हती. अशी माणसं परक्या जागी घर कसं करतात?

याचं एक उदाहरण कोल्हापूरजवळ वळिवड्याला आहे. बँकेच्या नोकरीत मी त्या भागात काही वर्षं होतो, तेव्हा ही हकीगत समजली. दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडमधल्या हजारो कुटुंबांना घरातून उचलून सैबेरियात नेलं. सुटका झाल्यावर त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश लोक वळिवड्याच्या छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. कर्ते पुरुष सैन्यात. किती दिवस राहायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरीही ते नुसते वाट पाहत बसले नाहीत. बराकींतच त्यांनी आपल्या भाषेतल्या शाळा चालवल्या, चर्च उभं केलं, मुलांची स्काउट पथकं काढली, नाटकं बसवली, सणवार पाळले. छप्पर संस्थानात मिळालं. घर मात्र त्यांनी स्वतः केलं. १९४८ पर्यंत ते निघून गेले. बरेचजण परत पोलंडला जाऊ शकले नाहीत, जगभर पांगले. पण त्यातली काही मुलं म्हातारपणी कोल्हापूर बघायला आली! फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर, कापडाची मोठी बाजारपेठ, उभं राहिलं.

यातून मी एवढंच घेतलं: जिथे माणसाला काही करायला मिळतं, तिथे त्याचं घर होतं.

म्हणून एक विनंती. आपल्याकडे आता बरेच फ्लॅट भाड्याने आहेत. गणपतीची वर्गणी आपण भाडेकरूंकडून हक्काने घेतो, पण समितीत त्यांना घेत नाही. 'आज आहेत, उद्या जातील' म्हणतो. अहो, आपणही तसेच आलो होतो! नियमाने मतदान सभासदांचंच राहू दे. पण येत्या गणपतीत आरास, प्रसाद, मुलांचं नाटक यातलं एखादं काम त्यांच्यावर सोपवूया.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.