समुद्राच्या तळाचा नकाशा

(नभोवाणीवरील भाषण)

बदलापूरच्या पुलावर उभें राहून उल्हास नदीकडे पाहणाऱ्या माणसास समुद्र दिसत नाहीं. अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाजवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या कांठीं खारा वारा येत नाहीं, आणि उल्हासनगरच्या बाजारपेठेंत गलबतांच्या गोष्टी कोणी करीत नाहीं. असें असतां या तीन गांवांच्या रहिवाशांना मीं आज सागरी नकाशांची हकीकत कां सांगावी, अशी शंका आपल्या मनांत येणें साहजिक आहे. तिचें पहिलें उत्तर असें कीं, आपल्या देशाचे अधिकृत सागरी नकाशे ज्या गांवीं तयार होतात, तें गांव आपल्याहूनही समुद्रापासून कितीतरी दूर आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं वसलेल्या देहरादून शहरांत नौदलाचें राष्ट्रीय हायड्रोग्राफिक कार्यालय आहे आणि तेथून हिंदी महासागराच्या तळाचा हिशेब ठेवला जातो. समुद्र डोळ्यांसमोर नसला म्हणून त्याच्याशीं असलेला संबंध सुटत नाहीं, हेंच यावरून दिसतें.

दुसरें उत्तर उल्हासनगरकरांच्या घरांतलें आहे. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली, आणि सिंधमधील हजारों कुटुंबें कराचीच्या धक्क्यावरून आगबोटींत बसून मुंबईस आलीं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारें एक लाख निर्वासितांची सोय करण्यांत आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. कराचीपासून मुंबईपर्यंतचा तो प्रवास सुमारें पांचशें सागरी मैलांचा. जहाजावर दाटीवाटीनें बसलेल्या त्या माणसांना आपल्याखालीं किती पाणी आहे, खडक कोठें आहे, वाळूचा बांध कोठें आहे, हें कांहींच ठाऊक नव्हतें. कप्तानाला तें ठाऊक होतें, कारण त्याच्यापुढें कोणीतरी पूर्वी मोजून ठेवलेला नकाशा पसरलेला होता. ज्यांनीं आपलें सर्वस्व मागें टाकलें होतें, त्यांचे प्राण त्या वेळीं त्या कागदावरील आंकड्यांच्या हवालीं होते.

जमिनीचा नकाशा चुकला तर वाटसरू थांबतो, कोणास तरी विचारतो आणि मागें फिरतो. समुद्रावर तसें होत नाहीं. वरून सर्व पाणी सारखेंच दिसतें. दहा वांव खोल पाण्याचा आणि हातभर पाण्याखालीं दडलेल्या खडकाचा रंग पुष्कळदां एकच असतो. म्हणून सागरी नकाशावर जमीन जवळजवळ कोरी असते, आणि पाण्याच्या भागांत मात्र आंकड्यांची दाटी असते. प्रत्येक आंकडा त्या जागेची खोली सांगतो. शिवाय तळ चिखलाचा आहे कीं खडकाचा, बुडालेलें जहाज कोठें पडलें आहे, खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा कसा लुकलुकतो, बोये कोठें बांधले आहेत, हेंही त्यावर नोंदलेलें असतें.

आतां ही खोली मोजतात कशी, तें पाहूं. पूर्वीच्या काळीं दोरीला शिशाचा ओळंबा बांधून तो पाण्यांत सोडीत. ओळंब्याच्या बुडाशीं चरबी लावलेली असे. तिला चिकटून आलेल्या वाळूवरून किंवा चिखलावरून तळाची जात समजे. एक माप घ्यावें, होडी थोडी पुढें न्यावी, पुन्हां ओळंबा सोडावा, अशा रीतीनें वर्षेंच्या वर्षें जात. दोन मापांच्या मधोमध एखादा सुळका राहिला, तर तो राहूनच जाई. आतां ओळंब्याची जागा ध्वनीनें घेतली आहे. समुद्राच्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १५०० मीटर वेगानें जातो. जहाजाच्या तळापासून सोडलेला नाद समुद्राच्या तळास आपटून एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत परत आला, तर त्यानें जातां-येतां मिळून ३० मीटर अंतर कापलें. म्हणजे खोली १५ मीटर. नव्या यंत्रांतून असे शेंकडों किरण पंख्यासारखे एकदम सुटतात आणि तळाचा एक रुंद पट्टा एका फेरींत मोजला जातो. शेतकरी जसा तासाला तास लावून नांगर चालवितो, तसें सर्वेक्षणाचें जहाज पट्ट्याला पट्टा लावून फिरत राहतें. पाणी थंड कीं उष्ण, गोडें कीं खारें, यावर ध्वनीचा वेग बदलतो. म्हणून तोही वेळोवेळीं तपासून घ्यावा लागतो.

परंतु, श्रोतेहो, खरी मेख पुढेंच आहे. खोली मोजावयाची ती कोणत्या पातळीपासून? समुद्राचें पाणी तर स्थिर राहत नाहीं. मुंबईस उधाणाच्या दिवशीं भरती आणि ओहोटी यांच्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडतें. भरतीच्या वेळीं मोजलेली खोली नकाशावर तशीच लिहिली, तर ओहोटीस येणारें जहाज तळाला लागेल. म्हणून नकाशाकर्ते अशी एक नीच पातळी ठरवितात कीं, ओहोटीचें पाणी तिच्याखालीं क्वचितच जाईल, आणि सर्व खोल्या तिच्यापासून लिहितात. समजा, यंत्रानें १५ मीटर खोली दाखविली, आणि त्या क्षणीं पाणी त्या पातळीच्या ४ मीटर वर चढलें होतें, तर नकाशावर ११ हाच आंकडा जातो. जहाजाला कमी पाणी सांगितलें तर फार तर त्याचा वेळ जाईल. अधिक सांगितलें तर जहाजच जाईल. या धंद्यांतील सारी नीति या एका वाक्यांत आली.

याच पातळीचा आपल्या रोजच्या जीवनाशीं संबंध येतो. पावसाळ्यांत आपण बातमी ऐकतां कीं, आज मुंबईस ४.८ मीटरची भरती आहे. पुष्कळांची समजूत अशी होते कीं, ४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार. तसें मुळींच नाहीं. नकाशाच्या त्या नीच पातळीपासून पाणी ४.८ मीटर चढणार, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईस समुद्राची सरासरी पातळी तिच्याहून सुमारें अडीच मीटर वर आहे. म्हणजे ही भरती सरासरीच्या वर सव्वादोन-अडीच मीटर येते. आणि अनेक रेल्वे स्थानकांच्या पाटीवर ‘समुद्रसपाटीपासून उंची’ लिहिलेली असते, ती या सरासरी पातळीपासून मोजलेली असते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. देशांतील ज्या नऊ बंदरांच्या नोंदींवरून १९०९ सालीं ही सरासरी पातळी ठरविण्यांत आली, त्यांत अपोलो बंदर एक होतें. तेव्हां डोंगराची उंची आणि दर्याची खोली यांचीं मुळें एकाच धक्क्यावर रुजलेलीं आहेत.

आपल्याकडील हें काम जुनें आहे. १८७४ सालीं कलकत्त्यास सागरी सर्वेक्षणाचें खातें स्थापन झालें आणि कमांडर डंडास टेलर हे त्याचे पहिले प्रमुख झाले. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं हें कार्यालय देहरादूनला गेलें. १९२१ सालीं स्थापन झालेल्या मोनाको येथील आंतरराष्ट्रीय संस्थेचें सभासदत्व भारतानें १९५५ सालीं घेतलें. सर्वेक्षणाचें शिक्षण देणारी संस्था गोव्यास आहे. ‘संधायक’ नांवाचें जुनें सर्वेक्षण जहाज २०२१ सालीं निवृत्त झालें आणि त्याच नांवाचें नवें जहाज २०२४ सालीं नौदलांत दाखल झालें. आपलीं जहाजें मॉरिशससारख्या मित्रदेशांचे समुद्रही मोजून देतात. जहाजांनीं आणलेलीं मापें देहरादूनला येतात. तेथें तीं पुन्हां पुन्हां ताडून पाहतात, आणि मग कागदी नकाशा व संगणकावर चालणारा इलेक्ट्रॉनिक नकाशा असे दोन्ही तयार होतात.

पण नकाशा छापला म्हणजे काम संपलें, असें कोणी समजूं नये. घर बांधणें सोपें, नांदतें ठेवणें कठीण. वाळू सरकते, बोया तुटतो, दिवा बदलतो, नवा धक्का होतो, गाळ उपसला जातो. हे सर्व फेरफार कळविणारी सूचनापत्रिका देहरादूनहून दर पंधरवड्यास निघते, आणि जहाजावरील अधिकाऱ्यास आपल्या नकाशांत त्या दुरुस्त्या करून घ्याव्या लागतात. जी बातमी पंधरा दिवस थांबूं शकत नाहीं, ती बिनतारी संदेशानें व उपग्रहाच्या द्वारें जाते. यासाठीं जगांतील समुद्रांचे २१ विभाग केलेले आहेत, आणि त्यांतील आठव्या विभागाच्या इशाऱ्यांची जबाबदारी भारताकडे आहे. दुरुस्त न केलेला नकाशा नसलेल्या नकाशाहून घातक होय. कारण नकाशा नसला तर कप्तान भीतभीत तरी जातो.

याचा अनुभव मुंबईनें ७ ऑगस्ट २०१० रोजीं घेतला. त्या दिवशीं बंदराच्या तोंडाशीं ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलली, तेल सांडलें आणि मालानें भरलेल्या शेंकडों लोखंडी पेट्या पाण्यांत पडल्या. कांहीं तरंगत राहिल्या, कांहीं बुडाल्या. काल ज्या मार्गावर निर्धास्तपणें जहाजें जात होतीं, तो मार्ग एका दिवसांत अनोळखी झाला. नकाशावरील एकही आंकडा खोटा नव्हता, तरी कशावरही विश्वास ठेवतां येईना. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक कांहीं दिवस थांबली. नौदलानें ध्वनियंत्रें लावून तळ धुंडाळला, आणि मगच मार्ग हळूहळू खुला झाला. अंबरनाथच्या एखाद्या कारखान्याचा कच्चा माल त्या दिवसांत बाहेर समुद्रांत अडकला असेल, तर समुद्राचा तळ आपल्या दारापर्यंत कसा येतो, हें त्या कारखानदारास निराळें सांगावयास नको.

आतां शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या नदीचा आहे. सह्याद्रींत उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते. वालधुनी तिला तेथें मिळते. ठाण्याच्या उत्तरेस तिचा मोठा प्रवाह वसईच्या खाडीनें समुद्रास जातो आणि एक अरुंद फांटा ठाण्याच्या खाडींत उतरतो. कल्याण हें दोन हजार वर्षांपूर्वीं परदेशीय व्यापाऱ्यांस ठाऊक असलेलें बंदर होतें. १६५७ नंतर शिवाजीमहाराजांच्या आरमाराचा आरंभ याच खाडीवर झाला. २०१६ च्या कायद्यानें कल्याण-ठाणें-मुंबई हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून जाहीर झाला आहे. त्यावर उद्यां प्रवासी होड्या चालावयाच्या, तर नदी आणि खाडी यांचा तळ मोजलेला पाहिजे, आणि मोजलेला तळ टिकलाही पाहिजे. आपण नदींत टाकलेला राडारोडा व कचरा, पात्रांतून बेसुमार उपसलेली रेती, डोंगरउतारावरून सुटलेली माती, या सर्वांचा जमाखर्च शेवटीं खाडीच्या तळाशीं होतो. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्यें पुराच्या पाण्यांत महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, आणि एक हजाराहून अधिक उतारूंना सोडविण्यासाठीं इतर पथकांबरोबर नौदलाचे जवानही धांवून आले. समुद्रावरचीं तीं माणसें त्या दिवशीं आपल्या नदीवर आलीं होतीं. नदीला जागा ठेवली नाहीं, तर ती आपली जागा स्वतःच शोधते.

तेव्हां, श्रोतेहो, पुढच्या वेळीं पुलावरून जातांना खालच्या पाण्याकडे क्षणभर पाहा. तें आज ना उद्यां अशा जागीं पोंचणार आहे, जेथें कोणी एक अधिकारी खोलीचा आंकडा लिहीत असेल, आणि त्या आंकड्यावर भरंवसा ठेवून कोणी कप्तान रात्रीच्या अंधारांत माणसांनीं भरलेलें जहाज आंत आणीत असेल. सत्तरांहून अधिक वर्षांपूर्वीं अशाच भरंवशावर आपल्यांपैकीं कित्येकांचे वाडवडील या किनाऱ्यास लागले. तो भरंवसा खरा ठरावा म्हणून मोजणारे आपलें काम करीत आहेत. नदीच्या वरच्या अंगाचें काम आपलें आहे.