दाराची कडी



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे तुम्ही तीन वर्षे मला सांगत होता आणि मी दर वेळी काही तरी निमित्त काढीत होते. खरे कारण एवढेच, की मला भीती वाटे.

पुष्कळ वर्षांपूर्वी ह्यांची नोकरी सुटली होती. ते दुःख मी एका मैत्रिणीजवळ रडून सांगितले. आठ दिवसांत ते नळावर सर्वांच्या तोंडी झाले, आणि नसलेल्या गोष्टीही त्यात मिसळल्या. तेव्हापासून मी मनाला कडी घातली. कोणी विचारले की "ठीक आहे" म्हणायचे. विरजण मागायला कोणी आली तर उंबऱ्यातूनच द्यायचे आणि स्वतः कधी मागायचे नाही. कोथिंबीर नसली तर आमटी तशीच! ह्याला मी स्वाभिमान समजत असे. त्या बाईंना क्षमा केली आहे, असेही मी देवाला सांगून टाकले होते. पण दार काही उघडले नव्हते.

आमच्या पवित्र शास्त्रात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात अशीच बंद दारे आहेत. प्रभु येशूला क्रुसावर दिल्यावर त्याचे शिष्य भिऊन दारे लावून बसले होते. तो त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. रागावला नाही. उलट आपले हात आणि कूस त्यांना दाखविली. जखमा त्याने झाकल्या नाहीत. हे मी लहानपणापासून वाचीत आले. पण गेल्या उपवासकाळात पुढची गोष्ट डोळ्यांत भरली. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हाही दारे लावलेलीच होती! प्रत्यक्ष पाहूनही त्यांची भीती गेली नव्हती, आणि तरी तो आला. थोमासाठी आला हे खरे, पण मला वाटले, थोडा माझ्यासाठीही.

'स्मृतिचित्रे' पुष्कळजणींनी वाचली असतील. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर केवढा घाव पडला! पुढे त्या त्यांच्याकडे राहायला आल्या, त्याही आपले सोवळे वेगळे ठेवूनच. ते सुटायला वेळ लागला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा.

मात्र मार खाणाऱ्या बाईने दार उघडे ठेवावे, असे माझे म्हणणे नाही. तिथे कडी हवीच, आणि शेजारणींची सोबतही हवी.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री ह्यांना भरून ताप आला. मुलगा परगावी. मी देव्हाऱ्यासमोर नव्हे, आमच्या रीतीने खाटेशी गुडघे टेकले, उठले आणि त्याच बाईंचे दार वाजविले. त्या पोळ्या करीत होत्या. पिठाचे हात पदराला पुसून तशाच माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या, आणि पहाटेपर्यंत बसल्या. त्या कोण, हे मी सांगणार नाही, आणि कृपा करून तुम्हीही शोधू नका. मागचे बोलणे आमच्यात अजून निघालेले नाही. कोथिंबीर मागायला मात्र मी जाते.