कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट होतोय?

जुन्या डेस्कटॉपमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, रॅम वाढवली आणि तेव्हापासून कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप रिस्टार्ट होतो, ही तक्रार हल्ली वरचेवर कानावर येते. त्यावर दुकानातलं ठरलेलं उत्तर असतं, "विंडोज नव्यानं टाकून बघू." माझं म्हणणं असं, की विंडोजला हात लावायच्या आधी कॉम्प्युटर नेमका केव्हा दगा देतो ते बघा. गेम रंगात आल्यावर, की नुसता चालू ठेवून तुम्ही चहाला उठल्यावर?

विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडला, की तिथं ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. पुष्कळजण तिलाच आजाराचं नाव समजतात. ती नोंद म्हणजे नुसता पंचनामा. कॉम्प्युटर रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती सांगते. त्यापेक्षा ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची टिक काढा. आता एररचा स्क्रीन येऊन थांबला, तर त्यावरचा कोड उतरवून घ्या. दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा रॅमचा. एररची एकही ओळ न दिसता स्क्रीन एकदम विझला, तर आधी विजेवर संशय घ्या.

आणि गेम खेळतानाच हे होत असेल, तर एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कार्डावर हजारो रुपये घालणारी मंडळी एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर फुकट आलेलाच ठेवतात! त्याच्या लेबलावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा, १२ व्होल्टचा रकाना वाचा. तिथं १८ अँपिअर असतील, तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॅटचं. त्यात प्रोसेसर धरा, झालं! शिवाय कार्ड क्षणभर याहूनही जास्त ओढतं. तेवढ्यात व्होल्टेज बसलं, की एसएमपीएस ‘पॉवर गुड’ हा सिग्नल काढून घेतो आणि मदरबोर्ड रीसेट होतो. हे झटके इतके वाढले, की २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, ग्राफिक्स कार्डासाठीचा नवा कनेक्टर असलेल्या मोठ्या एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा, अशी तरतूद करावी लागली. कार्डाला ८ पिनांची दोन सॉकेट असतील, तर दोन स्वतंत्र केबली लावा. एकाच केबलीची दोन टोकं नकोत.

आपल्याकडे भिंतीवरचं सॉकेट आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये यूपीएसही असतो. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, आणि बॅटरी जुनी झाली असेल तर वीज जराशी लुकलुकली तरी मान टाकतो. त्याच्यावर लेझर प्रिंटर जोडलेला असेल, तर तो आधी काढा. एक दिवस यूपीएस बाजूला ठेवून, अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटवर कॉम्प्युटर थेट चालवून पाहा.

रॅमचं प्रकरण वेगळं. जुन्या पट्टीशेजारी दुसऱ्या कंपनीची नवी पट्टी लावली आणि बायॉसमध्ये रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी सुरू केलं, की दोघींचं जमेलच असं नाही. एक्सएमपी बंद करा, एकेक पट्टी लावून पाहा आणि रात्रभर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम चालू ठेवा. त्यात एकही चूक निघाली, तरी ती जोडी नापास.

प्रोसेसर इंटेलचा, तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा असेल, तर बायॉस अपडेट कराच. त्यांतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते, हे कंपनीनंच २०२४ मध्ये मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

दुकानात जाल तेव्हा एक कागद न्या. रिस्टार्टची तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, यूपीएस होता की नव्हता, आणि कोणता भाग काढल्यावर त्रास थांबला, हे त्यावर लिहा. मग काउंटरवरचा माणूस विंडोजची गोष्ट काढणार नाही, वॉरंटीचं बिल मागेल.