ताठ मानेचे मोल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी बोलून गेलेल्या विद्वानांनी साहित्य, संगीत आणि इतिहास हे विषय हाताळले. आमच्यापाशी पदवी साधी बी. ए. ची आणि अनुभव फायलींचा. म्हणून ज्या एका विषयाचा अभ्यास आम्हांला गेली जवळजवळ तीस वर्षे सक्तीने करावा लागला, तोच आपणांपुढे मांडतो. तो विषय म्हणजे आमच्या पाठीचा कणा.

मराठी माणसाला ताठ कण्याचे आणि ताठ मानेचे मोठे कौतुक. आमच्या वाट्याला दोन्ही आली. पण गुण म्हणून नव्हे, रोग म्हणून.

१९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आम्ही केंद्र सरकारच्या सेवेत रुजू झालो. पहिली नेमणूक तेव्हाच्या कलकत्त्यास. वर्षभरातच कंबर दुखू लागली. पहाटे वेदनेने जाग येई, उठावे तो कंबर लाकडासारखी झालेली असे आणि तास-दीड तास हिंडल्यावाचून ती सैल होत नसे. कोणी ट्रामच्या धक्क्यांना दोष दिला, कोणी खुर्चीला. सल्ला मात्र सर्वांचा एकच : पडून राहा. आम्ही रजा काढून पडून राहिलो आणि दुखणे दुणावले. अशी सात वर्षे गेल्यावर, चेन्नईस बदली झाली असता, तेथील एका डॉक्टरांनी विचारले, "विश्रांतीने बरे वाटते, की हालचालीने?" तोवर हा प्रश्न आम्हांला कोणीही विचारला नव्हता. क्ष-किरण चित्राने त्यांची शंका खरी ठरविली.

या व्याधीचे नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. हा दाहयुक्त संधिवात बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कण्याचा तळ आणि कमरेची हाडे जेथे जुळतात, त्या सांध्यांत तो प्रथम शिरतो आणि काहींच्या बाबतीत पुढे मणके एकमेकांस सांधले जाऊन कणा बांबूसारखा एकसंध होतो. ती मुळापासून बरी होत नाही. परंतु नित्य व्यायाम आणि दाहशामक औषधे यांनी बरीच आटोक्यात राहते. ज्यांना तेवढ्याने भागत नाही, त्यांच्यासाठी अलीकडे जैविक औषधांची इंजेक्शने आहेत. ती देण्यापूर्वी शरीरात क्षयाचा संसर्ग दडलेला नाही ना, हे तपासावे लागते. जुळून गेलेले मणके मात्र कोणत्याही औषधाने पुन्हा सुटे होत नाहीत. म्हणून निदानाला उशीर होता कामा नये.

हे झाले शरीराचे. नोकरीचे जे नुकसान झाले, त्याचे कारण व्याधी नव्हे. आमचे मौन होय. "पाठीने अधू" असा शिक्का बसला तर पुढची वाट बंद होईल, या धास्तीने आम्ही कचेरीत अवाक्षर काढले नाही. मान वळत नसल्यामुळे बाजूने कोणी नमस्कार केला तर तो आम्हांला दिसत नसे. "साहेबांची मान फारच ताठ," अशी आमची ख्याती झाली. सकाळी उशीर होई. मेमो आला की "वाहन मिळाले नाही," असा खोटा खुलासा आम्ही लिहीत असू. २००९ साली बढतीचा हुकूम आला. त्या जागी फिरती फार होती. "घरगुती अडचणीमुळे" असे कारण देऊन आम्ही बढती नाकारली. नियमानुसार वर्षभर पुन्हा विचार झाला नाही, आणि ज्यांना आम्ही टिप्पणी लिहावयास शिकविले, ते आमच्यापुढे गेले. त्या रात्री घरी आम्ही उभयता पुष्कळ वेळ काही बोललो नाही.

२०१२ साली असाच एक मेमो हाती घेऊन आमच्या तमिळभाषक वरिष्ठांनी आम्हांला बोलावले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणून असेल, आम्ही सर्व सांगून टाकले. ते म्हणाले, "जे कागदावर नाही, ते सरकारला ठाऊक नाही. तुम्ही अर्ज का केला नाहीत?" आम्हां फायलींत वाढलेल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावे! वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज केला. कचेरीत एक तास उशिरा येऊन एक तास उशिरा जाण्याची मुभा मिळाली, उभ्याने लिहिता येईल असे उंच मेज मिळाले, आणि फिरती आवश्यक तेवढीच राहिली. कामाचा उरक वाढला. २०१५ साली बढती पुन्हा आली. ती स्वीकारून आम्ही येथे भोपाळला आलो.

आज तर कायदाही पाठीशी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्यास काढता येत नाही वा पदावनत करता येत नाही. केवळ त्या कारणास्तव बढती नाकारता येत नाही. आणि वाजवी सोयी पुरविणे हे कचेरीचे कर्तव्य ठरते. अधिनियमातील २१ प्रकारांत आमच्या व्याधीचे नाव नाही; तथापि तिच्यामुळे हालचालीवर मर्यादा आली, तर चलनविषयक दिव्यांगत्वाच्या व्याख्येत ती येऊ शकते. पण कायदाही अर्जाची वाट पाहतो.

आमचा दिनक्रम साधा आहे. पहाटे साडेचारला उठणे, गरम पाण्याने स्नान, तासभर व्यायाम, बरगड्या आखडू नयेत म्हणून दीर्घ श्वसन, कचेरीत दर अर्ध्या तासाने उभे राहणे, पातळ उशी, धूम्रपान वर्ज्य. डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठणे, कारण ही व्याधी डोळ्यांतही उतरते.

तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे : कंबरदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा, आणि निदान झाल्यावर ते कचेरीपासून लपवू नका.

जाता जाता एक आठवण. गेल्या गणेशोत्सवात मंडळाने महाप्रसादाच्या पंगतीत प्रथमच खुर्च्यांची एक ओळ मांडली. कोणी मागितली नव्हती. आम्हांला वाटले, तेथे आम्ही एकटेच बसू. पाहतो तो ओळ भरलेली आणि आणखी खुर्च्या आणण्यासाठी कार्यकर्त्यांची धावपळ! इतकी वर्षे ही सारी मंडळी गुडघे अन् पाठी सावरीत मुकाट्याने पाटावर बसत होती. त्या खुर्च्यांबद्दल मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो आणि आपली रजा घेतो. मान लववून नमस्कार करणे आम्हांस साधत नाही; तो केला असे मानून घ्यावे.