जुनी तबकडी, नवी सुई

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चावीचा ग्रामोफोन चांगला की विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर, हा वाद आपल्याकडे नेहमी रंगतो. कोलकातावासीयांना तो घालायचा हक्कच आहे! १९०२ साली गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण याच शहरात झाले. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९०८ मध्ये सियालदहला निघाला आणि १९२८ मध्ये दमदमला गेला. आपल्या वडीलधाऱ्यांनी गावाहून ट्रंकेत घालून आणलेल्या नाट्यपदांच्या ‘कुत्रा छाप’ तबकड्यांपैकी कितीतरी मुळात इथल्याच. त्या माहेरी आल्या म्हणायच्या!

जुन्या यंत्राला वीज लागत नाही. चावी दिली की स्प्रिंगच्या जोरावर तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. पोलादी पिन खाचेत थरथरते, साउंडबॉक्समधला पातळ पडदा हलतो आणि कर्ण्यातून आवाज घुमतो. पण त्यासाठी पिनेवर शंभरेक ग्रॅमचा भार असतो. लाखेच्या तबकडीत दगडाची पूड असते. तिच्यावर पिन झिजते. म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची. झिजलेली पिन पुन्हा लावली, तर ती खाच कुरतडते.

नव्या चांगल्या प्लेअरमध्ये हिऱ्याची सुई जेमतेम दोन ग्रॅम भाराने टेकते. आवाज वाढवण्याचे काम अॅम्प्लिफायर करतो. १९४८ मध्ये एलपी आली. तिची खाच बारीक आणि फेरे कमी, त्यामुळे तीन मिनिटांच्या जागी वीसेक मिनिटांचे गाणे एका बाजूवर मावू लागले.

मग जुनी तबकडी नव्या प्लेअरवर लावावी का? जरूर लावावी, पण नुसते ७८ चे बटण असून भागत नाही. जुन्या रुंद खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. एलपीची असते साधारण १८ ते २५ मायक्रॉनची. ती खाचेच्या तळाशी लोळते आणि गाण्याऐवजी खरखरच जास्त ऐकू येते. दोष तबकडीचा नसतो. पण आपण ती ‘खराब झाली’ म्हणून भंगारात देतो. उलट, एलपी मात्र चावीच्या ग्रामोफोनवर कधीही लावू नये. एका फेरीत तिचे वाटोळे होते.

तेव्हा मंडळी, वाद बाजूला ठेवू. घरातल्या तबकडीची दुसरी प्रत कुठे उरली असेल, सांगता येत नाही आणि ग्रामोफोनवर ती दर वेळी थोडी झिजतेच. ती स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. योग्य सुईने एकदा वाजवून संगणकावर उतरवून घ्या आणि मग उभी ठेवून जपा. आजोबांचा ग्रामोफोनही टाकू नका. आधीच झिजलेल्या तबकड्या त्यावर खुशाल वाजवा. नातवंडांना चावी फिरवू द्या. पण दुर्मिळ आवाज त्यांच्यापर्यंत शाबूत पोचवायचा असेल, तर भरवसा नव्या सुईचाच.